हरिण आणि मासा : स्वस्तातल्या शार्कपटांबद्दल

आजचा विषय पत्रिकेवर वाचून दोघातिघांनी संयोजकांना फोन केला म्हणे, की छपाईत काही गडबड झाली आहे का. गडबड नाही. विषय शार्कच्या सिनेमांचाच आहे, आणि त्यातही कमी पैशांत काढलेल्या सिनेमांचा. मोठमोठ्या दिग्दर्शकांवर बोलणारे पुष्कळ आहेत. आज आपण जरा खालच्या मजल्यावर उतरू.

आमचा प्रश्न साधा आहे. सुमारे सव्वा लाख डॉलरमध्ये, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या गाठून, नवरा-बायकोने मिळून काढलेला एक सिनेमा माणसाला रात्री झोपू देत नाही. आणि त्याच्या दसपट-वीसपट पैसा ओतून, संगणकावर जबड्यातला दात न् दात रंगवून काढलेला दुसरा सिनेमा पाहताना तोच माणूस मोबाइल चाळत बसतो. असं का होतं? नशीब, प्रतिभा, योग वगैरे उत्तरं आम्हाला चालणार नाहीत. त्यांनी कळत काहीच नाही.

आधी धंद्याचं गणित बघू, म्हणजे हे सिनेमे एवढे निघतात का ते समजेल. समुद्राला सेट लागत नाही. पात्रं दोन ते पाच, पोहण्याच्या कपड्यांत, म्हणजे कपडेपटाचा खर्चही नाही. खलनायक मानधन मागत नाही आणि संवाद विसरत नाही. पण खरी बचत निराळीच आहे. प्रेक्षक भीती घरून घेऊन येतो. १९७५ साली स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'जॉज'ने ती त्याच्या मनात ठेव म्हणून ठेवली आणि तेव्हापासून निर्माते तिचं व्याज खात आहेत. पाण्यावर एक काळा त्रिकोण दाखवा, खर्जातले दोन सूर वाजवा, काम झालं. कुणी फारच उघडपणे खातो तेव्हा मूळ मालक रागावतोही. १९८१ साली एन्झो कास्तेल्लारी या इटालियन दिग्दर्शकाने काढलेला शार्कपट 'जॉज'च्या इतका जवळ गेला, की युनिव्हर्सल कंपनी कोर्टात गेली आणि अमेरिकेतल्या थिएटरांतून तो उतरवावा लागला. बाकीचे जरा लांबून खातात, एवढंच.

'जॉज' स्वतः स्वस्तातला नव्हता. त्याचा खर्च ९० लाख डॉलरच्या घरात गेला, आणि १९७५ साली ती रक्कम मोठी होती. पण स्वस्त शार्कपटवाल्यांची पोथी तीच, म्हणून तिच्यावरून पुढे जाता येत नाही. कथा तुम्हाला ठाऊक असेल. यांत्रिक शार्क बनवले, त्यांना ब्रूस असं नाव दिलं – स्पीलबर्गच्या वकिलाचं नाव! – आणि खाऱ्या पाण्यात उतरवताच ते बिघडले. ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं. शार्क चालेना, म्हणून शार्कशिवाय शार्कचे प्रसंग उभे करावे लागले. आणि त्यातून म्हणे एक मोठा धडा निघाला : जे दिसत नाही त्याची भीती जास्त वाटते.

हे वाक्य चित्रपट-रसास्वादाच्या प्रत्येक शिबिरात ऐकायला मिळतं. आमचं त्याच्याशी भांडण आहे. न दाखवणं एवढंच पुरेसं असतं, तर रिकाम्या समुद्राकडे तासभर बघून आपण थरथरायला हवं. जुहू चौपाटीवर बसलेला माणूस थरथरत नाही, भेळ खातो. (हशा) आणि दुसरं असं, की वाईट स्वस्त सिनेमेही शार्क दाखवत नाहीतच. पैसेच नसतात. शेवटची दहा मिनिटं सोडली तर सगळा वेळ लोक बोटीवर उभे राहून बडबड करतात. म्हणजे न दाखवणं दोघांकडेही आहे, चांगल्याकडे आणि टाकाऊकडे. मग फरक कुठला?

'जॉज'मधलाच एक प्रसंग आठवा. दोन माणसं रात्री लाकडी धक्क्यावर बसून साखळीला मांसाचा मोठा तुकडा लावून शार्कला गळाला लावू बघतात. साखळीला हिसका बसतो, धक्क्याचा पुढचा भाग मोडून समुद्रात ओढला जातो, त्याच्याबरोबर एक माणूसही पाण्यात. आणि मग तो मोडलेला फळ्यांचा सांगाडा संथपणे वळतो. वळून त्या माणसाकडे परत येऊ लागतो. बस. पडद्यावर शार्क नाही. सुताराकडच्या चार फळ्या आहेत. पण त्या वळल्या! वळणं म्हणजे हेतू. त्या फळ्यांत वजन आलं, वेग आला, आणि पाण्यातल्या माणसाचे हात किनाऱ्याकडे वेडेवाकडे पडू लागले. इथे शार्क दाखवलेला नाही हे खरं, पण जे दाखवलं आहे ते भरगच्च आहे.

आता आम्ही तुम्हाला काश्मीरला नेतो. सुमारे हजार वर्षं मागे. भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना अभिनवगुप्ताला भयानक रसाचं उदाहरण द्यायचं होतं. त्याच्याकडे राक्षस होते, स्मशानं होती, युद्धं होती. त्याने निवडलं कालिदासाचं हरिण. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातलं, दुष्यंताच्या रथापुढे धावणारं. मान वळवून मागे बघणारं, बाण लागेल म्हणून अंग आक्रसून घेणारं, दमल्यामुळे तोंडातलं अर्धं चावलेलं गवत वाटेवर सांडत जाणारं.

हे सांडणारं गवत लक्षात ठेवा. बाणाचं वर्णन तिथे जवळजवळ नाही. धनुष्य किती मोठं, टोक किती तीक्ष्ण, काही नाही. भीती हरणाच्या मानेत आहे, पाठीत आहे, तोंडातून गळणाऱ्या दर्भात आहे. आमच्या शास्त्रात भीतीचं कारण असतं त्याला विभाव म्हणतात, आणि भ्यालेल्याच्या अंगावर जे उमटतं त्याला अनुभाव. अभिनवगुप्ताचं म्हणणं असं, की हे हरिण पाहताना 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला' असं काही उरत नाही. कोण, कुठला, कधीचा हे सगळं गळून पडतं आणि भयच समोर येतं.

तर आमचा सिद्धान्त, म्हणजे फार मोठा शब्द झाला, आमचं म्हणणं एवढंच : स्वस्त शार्कपट चालतो तेव्हा त्याने आपला तुटपुंजा पैसा हरणावर खर्च केलेला असतो. पडतो तेव्हा बाणावर. विभाव महाग असतो. रबर, यंत्रं, संगणक, सगळं त्याच्यासाठी लागतं. अनुभावाला एक नट, एक नटी, आणि त्यांच्याकडे नीट बघणारा कॅमेरा पुरतो. गंमत म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलही काव्यशास्त्रात हेच म्हणतो, आणि तेही खर्चाच्या भाषेत. भीती कथानकातून यावी, नुसतं ऐकूनही अंगावर काटा यावा. ती देखाव्यातून आणणं हे कमी कलेचं काम आहे आणि त्याला वरचा खर्च लागतो. अथेन्समध्ये नाटकाचा खर्च धनिकांच्या अंगावर टाकत, त्यामुळे निर्माता हा प्राणी त्याच्या चांगला ओळखीचा असणार.

आता मूळ सिनेमाकडे येऊ. 'ओपन वॉटर', २००३. दिग्दर्शक ख्रिस केंटिस, निर्माती त्याची पत्नी लॉरा लाऊ. दोघांना पाण्याखाली जायचा छंद, कॅमेरे दोघांनीच चालवले. सनडान्स महोत्सवात तो लायन्सगेट कंपनीने २५ लाख डॉलरला विकत घेतला आणि जगभरात त्याने ५ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. लांबी ७९ मिनिटं. त्याहून जास्त लांबीची प्रास्ताविकं आम्ही विद्यापीठात ऐकलेली आहेत. (हशा)

कथा एका ओळीची. सुझन आणि डॅनियल, कामाने पिचलेलं एक जोडपं, सुट्टीवर जातात, बोटीने खोल समुद्रात पाण्याखालची प्रवाळं बघायला उतरतात, आणि वर येतात तेव्हा बोट निघून गेलेली असते.

का निघून गेली? इथे सिनेमा जे करतो ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. बोटीवरचा माणूस कागदावर रेघा मारून मोजतो आहे. वीस माणसं. एक प्रवासी मास्क घरी विसरून आला आहे, म्हणून बोटीवर चडफडत बसला आहे. एक बाई कानात दडे बसले म्हणून तिच्या जोडीदारासह लवकर वर येते. या दोघांची रेघ पडते. मग हा मास्क विसरलेला गृहस्थ तिचा मास्क मागून घेतो आणि तिच्या जोडीदाराबरोबर पाण्यात उतरतो. ते दोघे वर आले की पुन्हा रेघ. बेरीज वीस. सगळे आले. चला.

यात कुणी दुष्ट नाही. कुणी दारू प्यायलेला नाही. रेघा बरोबर मारल्या आहेत. फक्त रेघ म्हणजे माणूस नव्हे, एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही चाळीस वर्षं वर्गात हजेरी घेतली. कागदावर साठ आणि बाकांवर पस्तीस हा चमत्कार आम्हाला चांगला परिचयाचा आहे. तिथे नसलेला मुलगा 'हजर' होतो आणि सगळे हसतात. इथे त्याच गणिताने दोन असलेली माणसं नसलेली होतात. सिनेमाची पहिली पंधरा-वीस मिनिटं या हिशेबात जातात आणि घाईतला प्रेक्षक म्हणतो, अहो शार्क कधी येणार? शार्क येऊन गेला! तो कागदावर आला होता.

ही भीती प्रत्येकाची आहे. आपल्याला न मोजता जग पुढे निघून जाईल, आणि गेलं हे त्याला कळणारही नाही. खोल समुद्र ज्याने जन्मात पाहिला नाही त्यालाही ती ठाऊक असते. म्हणून हा सिनेमा विदर्भात बसून बघितला तरी लागतो.

पुढचा तासभर दोन डोकी आणि पाणी. इथे बारकाईने बघण्यासारखं पुष्कळ आहे. कॅमेरा पाण्याच्या पातळीवर तरंगतो. त्यामुळे क्षितिज कधी स्थिर राहत नाही; लाट आली की जगच दिसेनासं होतं, आणि काच अर्धी पाण्यात बुडाली की खाली काय आहे ते बघायचं की नाही हा प्रश्न आपल्याला पडतो. आधी दोघे विनोद करतात. मग पोटात कालवतं, जेलीफिश डंख मारतात. मग भांडण. आणि भांडण कशावरून? तर सुट्टी इथे घालवायची कुणी ठरवली, मला तर बर्फात स्कीइंगला जायचं होतं! मरणाच्या दारात माणूस अस्तित्वावर चिंतन करत नाही, प्रवासाचं आरक्षण कुणी केलं यावर भांडतो. हे आम्हाला अस्सल वाटतं. हे त्या हरणाच्या तोंडातलं गवत आहे. आधीच्या क्षणापर्यंत जे चावत होतो ते, अर्धवट, गळत जाणारं.

मग दोघांचा डोळा लागतो. सुझनला जाग येते तेव्हा डॅनियल जवळ नसतो, प्रवाहाने लांब गेलेला असतो. शार्कने केलेल्या कुठल्याही हल्ल्यापेक्षा आमच्या छातीत धस्स झालं ते इथे.

आणि शार्क? ते खरे आहेत. बहामामध्ये, मासळीचे तुकडे टाकून बोलावलेले, आणि नट खरोखर त्यांच्यात पोहताहेत, पोहण्याच्या पोशाखाखाली लोखंडी जाळीचं चिलखत घालून. पैसा नाही म्हणून यंत्र नाही, म्हणून खरा मासा. पण खरा मासा आणल्यावर जे होतं ते दिग्दर्शकाने नीट ओळखलं. खरा शार्क अभिनय करत नाही. तो येतो, जवळून जातो, पायाला घासतो, जातो. त्याला घाई नाही आणि राग तर मुळीच नाही. सुझनच्या पायाचा लचका तुटतो तेव्हा तो तिलाही लगेच कळत नाही. डॅनियल डोकं बुडवून खाली बघतो तर जखमेवर लहान मासे टोचा मारत असतात. एवढंच. ना संगीताचा दणका, ना किंकाळी. बाजारात आपण भाजी निवडतो तसं चाललेलं असतं.

चित्राच्या दर्जाबद्दल एक शब्द. हा सिनेमा त्या काळच्या साध्या डिजिटल व्हिडिओवर काढला आहे. रंग फिके, उन्हात पांढरे पडलेले. समीक्षकांनी तेव्हा नाकं मुरडली. पण हे कुणाचं चित्र आहे? सुट्टीवर गेलेल्या जोडप्याचं. २००३ साली सुट्टीवर गेलेलं जोडपं घरी जे व्हिडिओ आणायचं ते असेच दिसायचे. अभिनवगुप्ताचा शिष्य क्षेमेंद्र, त्याने औचित्यावर ग्रंथच लिहिला आहे. गळ्यातला हार कमरेला बांधला तर शोभत नाही, या धर्तीचं त्याचं म्हणणं. इथे गरिबी योग्य जागी बांधली आहे. रात्रीच्या वादळात तर सरळ काळा पडदा आहे आणि वीज चमकेल तेवढंच दिसतं. दिवे भाड्याने आणायला पैसे नव्हते असं कुणी म्हणेल. असेल. पण समुद्रावर रात्री दिवे नसतातच की.

मात्र गरिबीचा गौरव करायला आम्ही इथे आलेलो नाही. तो एक फॅशनेबल भाबडेपणा आहे. पैसे नसले की कला आपोआप येते असं असतं, तर २००२ सालचा 'शार्क अटॅक ३' हा महान सिनेमा ठरला असता. त्यात माहितीपटांतली जुनी दृश्यं आणून, त्यांतला शार्क वाटेल तसा मोठा करून, चिमुकल्या माणसांसमोर चिकटवला आहे. बोटच्या बोट तो गिळतो आणि आपण खो-खो हसतो. रसाच्या आड येणारी सात विघ्नं अभिनवगुप्ताने सांगितली आहेत. त्यांतलं पहिलंच असं, की जे दाखवलं ते संभवनीयच वाटत नाही. सगळा खटाटोप बाणावर, आणि बाण कागदाचा. हरणाकडे कुणी बघितलेलंच नाही.

आणखी दोन सिनेमे झटपट सांगतो. अँड्र्यू ट्राउकी या दिग्दर्शकाचा 'द रीफ', २०१०. बोट उलटते, चौघे बेटाकडे पोहत निघतात, एक जण उलटलेल्या बोटीवर थांबतो. इथेही शार्क खरा, पण तो वेगळा चित्रित करून नटांच्या दृश्यांशी जोडलेला. तरी विघ्न येत नाही. कारण पाण्याखाली बघायचा मास्क एकाच्याच डोळ्यांवर आहे. तो डोकं बुडवतो, निळ्या धुक्यात गोल फिरून बघतो, वर येतो, आणि बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. तो 'काही नाही' म्हणतो. खरं बोलतोय का? सगळा सिनेमा त्या 'काही नाही'वर तरंगतो. शिवाय आधीचा प्रश्न आहेच : थांबायचं की पोहायचं? दोन्ही निर्णय शहाणपणाचे आहेत, हीच पंचाईत.

दुसरा '४७ मीटर्स डाउन'. खर्च ५० लाख डॉलरच्या थोडा वर, म्हणजे हॉलिवुडच्या हिशेबात चहापाणी. मेक्सिकोच्या समुद्रात दोन बहिणी पिंजऱ्यातून शार्क बघायला उतरतात, दोर तुटतो, पिंजरा तळाला. चित्रीकरण इंग्लंडमध्ये पाण्याच्या टाकीत झालं, आणि समुद्राचं पाणी गढूळ दिसावं म्हणून त्यात ब्रोकोली बारीक करून टाकली होती. भाजीवाल्याने शार्कपटाला लावलेला एवढा हातभार दुसरीकडे नसेल! इथे भीतीचा खरा धनी शार्क नाही, सिलिंडरवरचा काटा आहे. हवा किती उरली हा आकडा. भराभर वर जावं तर रक्तातल्या वायूने जीव जाईल, हळूहळू जावं तर हवा संपेल. शार्क त्या हिशेबात मध्येमध्ये येऊन घाई करून जातो. शेवटची कलाटणीही त्या हवेतूनच येते. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी ती सांगत नाही.

या ओळीने पुढे गेलं तर शार्क उरतच नाही. 'ओपन वॉटर' चालल्यावर २००६ साली त्याचा भाग दोन म्हणून एक सिनेमा बाजारात आला. त्यात शार्क औषधालाही नाही. मित्रमंडळी बोटीवरून पाण्यात उड्या मारतात, आणि शिडी खाली सोडायची राहून गेली आहे. बोटीची बाजू गुळगुळीत, हात पोचत नाही. नाव उसनं घेतलेलं, नट बेताचे, पण ती शिडी जागच्या जागी लटकलेली बघताना आम्ही खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

समोरून विचारताहेत, 'मग "शार्कनेडो"चं काय? तो तर सगळ्यांत जास्त गाजला.' बरोबर आहे, तो टाळून चालणार नाही. ११ जुलै २०१३ रोजी अमेरिकेत सायफाय वाहिनीवर तो आला. चक्रीवादळ समुद्रातले शार्क उचलून लॉस एंजेलिसवर आणून टाकतं, आणि नायक यांत्रिक करवत घेऊन हवेतून येणाऱ्या शार्कच्या तोंडात उडी मारतो व आतून कापत बाहेर येतो. द असायलम नावाची कंपनी असलीच कामं करते. त्याआधी २००९ साली त्यांच्याच एका शार्कने समुद्रातून झेप घेऊन आकाशातलं विमान धरलं होतं. यावर आमचं मत असं, की तो यशस्वी आहे, पण तो भयानकाचा सिनेमाच नाही. हास्याचा आहे. तिथे संभवनीयता नसणं हे विघ्न नसून मुख्य माल आहे. आणि तो माणूस एकटा बघत नाही. लोकांनी तो ट्विटरवर एकमेकांना टपल्या मारत बघितला, तमाशाच्या फडात समोरून शेरे येतात तसे. आम्हाला पहिला भाग आवडला. पुढे २०१८ पर्यंत एकूण सहा भाग निघाले आणि दुसऱ्यापासूनच विनोद सांगणारा आपल्याच विनोदाला आधी हसू लागला. अशा माणसाशेजारी जेवणाच्या पंगतीत बसलेलं कुणाला आवडतं?

आपल्याकडे काय, हाही प्रश्न येणार म्हणून आधीच सांगतो. मुंबईच्या हिंदी सिनेमाने एक शार्कपट काढला आहे, 'आतंक'. धर्मेंद्र, हेमा मालिनी, विनोद मेहरा, अमजद खान. तो प्रदर्शित झाला १९९६ साली, तेव्हा विनोद मेहरा आणि अमजद खान दोघेही हयात नव्हते. इतकी वर्षं तो रखडला. त्यात कोळीवस्ती आहे, गुंड आहेत, प्रेम आहे, गाणी आहेत आणि शार्कही आहे. भीतीला रिकामी जागा मिळतच नाही. शिवाय आपला किनारा शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतो, आणि मालवणात मोरीचं मटण आवडीने खातात. ज्याचा रस्सा आपण ओरपतो त्याला भिणं जरा अवघड जातं. (हशा) कोकणातल्या बाईची समुद्राची भीती वेगळी आहे. होडी परतली नाही, ही. तिच्यात मासा कुठे येतच नाही. तिच्यावर कुणी कमी पैशांत सिनेमा काढला तर आम्ही पहिल्या रांगेत बसू.

आता थोडं अडचणीचं. दोन अडचणी आहेत आणि दोन्ही नैतिक आहेत.

पहिली माशाची. जगभरात शार्कच्या चाव्याने वर्षाकाठी मरणारी माणसं बहुतेक वर्षी दहाच्या आत असतात. माणसं शार्क मारतात ते कोट्यवधींनी. 'जॉज' ज्याच्या कादंबरीवरून निघाला तो पीटर बेंचली पुढे शार्क वाचवण्याच्या कामाला लागला, आणि आज असं पुस्तक आपण लिहू शकलो नसतो असं तो सांगत असे. 'जॉज'च्या चौथ्या भागात तर, १९८७ साली, शार्क एका कुटुंबावर डूख धरून थेट बहामापर्यंत जातो. सापाने डूख धरायचा आपला जुना मक्ता त्याने घेतला. या मानाने 'ओपन वॉटर'चा हिशेब स्वच्छ आहे. त्यातले शार्क भूक लागलेले मासे आहेत. दोष मोजणाऱ्याचा आहे. पैसा नसल्यामुळे खरे मासे आणावे लागले आणि खरे मासे आणल्यामुळे त्यांची बदनामी टळली. हे ठरवून झालं की ओघात, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. पडद्यावर ते आहे.

दुसरी अडचण जास्त जड आहे. ही गोष्ट घडलेली आहे. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एका अमेरिकन जोडप्याला बोट अशीच मागे सोडून आली. ती माणसं राहिली हे लक्षात यायला दोन दिवस गेले. शोध झाला, दोघे सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये बोटींवरच्या मोजणीचे नियम कडक झाले. त्यांचं काय झालं हे पाहणारं कुणी नाही. सिनेमाने नावं बदलली, जागा बदलली, आणि कुणीही न पाहिलेले ते तास कल्पनेने भरले. भांडणं, डंख, झोप, सगळं. मेलेल्यांच्या तोंडी असं भांडण घालायचा अधिकार कुणाला असतो का?

आम्ही यावर बराच विचार केला. आमचं उत्तर 'असतो' असं आहे, पण अटीवर. अट अशी, की त्यांच्या मरणाचा देखावा करायचा नाही. सिनेमा ही अट जवळजवळ पाळतो. डॅनियल रात्री जातो, विजेच्या उजेडात, नीट दिसतही नाही. सकाळी सुझन त्याचं शरीर सोडून देते. खाली शार्क जमलेले तिला दिसतात. तोवर किनाऱ्यावर शोध सुरू झालेला असतो, हे आपल्याला ठाऊक असतं, तिला नसतं. मग ती पाठीवरची सामग्री उतरवते आणि पाण्याखाली जाते. ओढलं जात नाही तिला, ती जाते. पाणी मिटतं. किंकाळी नाही, रक्त नाही. इथे थांबला असता तर त्या सिनेमाबद्दल आमची काही तक्रार नव्हती.

पण तो थांबत नाही. श्रेयनामावली सुरू होते आणि एका धक्क्यावर कोळी एक शार्क फाडताना दिसतात. पोटातून निघतो एक कॅमेरा. आता हे कुठून आलं? सरळ 'जॉज'मधून. तिथे मारून आणलेल्या शार्कचं पोट फाडतात तेव्हा लुइझियानाची गाडीची पाटी निघते. म्हणजे ७९ मिनिटं उधारीशिवाय काढली आणि शेवटच्या मिनिटाला निर्मात्याने पुन्हा त्या जुन्या ठेवीवर हात मारला. मासा पुन्हा गुन्हेगार झाला, पोटात पुरावा घेऊन फिरणारा.

आणि घडलेल्या गोष्टीत पुरावा खरोखर मिळाला होता. नंतर कधीतरी, पाण्याखाली एकमेकांशी बोलायला पाणबुडे वापरतात ती पाटी सापडली. तिच्यावर मदत मागितली होती. ज्याला कुणाला ती मिळेल त्याच्या नावे. सिनेमाने ती घेतली नाही. घेतला तो कॅमेरा, महागातला, पाणी न शिरणाऱ्या डब्यातला. त्यात काय टिपलं आहे ते आपल्याला कळत नाही, आणि तोवर नावं वर सरकू लागलेली असतात आणि अर्धे लोक चपला शोधत दाराकडे निघालेले असतात.